फुलाच्या मागे बघा : सहदेवी ओळखण्याची साडेतीनशे वर्षं

आजच्या एपिसोडचा हा लिखित भाग. ऐकायला वेळ नसेल तर वाचा. ऐकलं असेल तरी वाचा, कारण बोलताना मी दोन लॅटिन नावांची पार वाट लावली होती, ती इथे नीट केली आहेत.

आपण इथे एरवी किल्ले, लढाया आणि जुन्या शहरांबद्दल बोलतो. आज एका गुडघ्याएवढ्या रोपाचा इतिहास आहे. त्याला जांभळी, बोटाच्या पेराएवढीही नसलेली फुलं येतात. तुमच्या सोसायटीच्या कुंपणाशी ते नक्की उगवलेलं असेल आणि तुम्ही त्याच्यावरून शंभर वेळा चालत गेला असाल. त्याचं नाव सहदेवी. ते रोप खरंच सहदेवी आहे का, हे कसं ठरवायचं आणि ते ठरवायची रीत कुणी घातली, हा आजचा विषय. यात मी पडलो कसा, ते आधी सांगतो.

गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट. वर्क फ्रॉम होम चालू होतं, मी सोलापुरात घरी होतो. आजीला चार दिवस बारीक ताप होता. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला : सहदेवीचा काढा घ्या, तीन दिवसांत ताप पळतो. सोबत एक धूसर फोटो, हिरव्या पाल्यात जांभळे ठिपके. आई म्हणाली, "काकाच्या शेतात असेल, जाऊन घेऊन ये."

काकांचं शेत मोहोळकडे, उजनीच्या कॅनॉलला लागून. तिथे ओलाव्याला जांभळ्या फुलांचं रान माजलं होतं. मी फोन काढला, झाड ओळखायचं एक ॲप उघडलं, वरून एक फोटो मारला. दोन सेकंदांत उत्तर : सहदेवी. मी बीटेक केलेला माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. पण त्या उत्तराला एकही उलटा प्रश्न विचारला नाही. पिशवीभर पाला उपटून घरी आलो.

आईने काढा उकळला. ग्लास आजीच्या हातात गेला आणि तिने तो नाकाशी नेऊन तसाच खाली ठेवला. "काय उकळलंय हे? पाला दाखव." मी पिशवी दिली. तिने एक पान बोटांत चुरगाळलं, हुंगलं आणि म्हणाली, "ही न्हवं रे. हिच्या अंगाला वास हाय. सहदेवीला असला वास नसतो. आन् तिच्या पाल्यावर राख भुरभुरल्यागत असतंय."

"मग ही कोण?"

"ते मला काय म्हाईत? सहदेवी न्हवं, एवढं खरं."

काढा मोरीत ओतला. त्याचा उग्र वास संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात होता.

ती कोण होती, हे मला नंतर कळलं. एजरेटम कोनायझॉइडिस, मराठीत ओसाडी किंवा घाणेरी ओसाडी. मूळची अमेरिका खंडातली, आता जगभर पसरलेली. तिच्यात पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाच्या गटातली द्रव्यं असतात आणि ती यकृताला घातक असतात. एकदाच घेतल्याने कदाचित काही जाणवणारही नाही, पण रोज घेत राहिलं तर यकृत आतून खराब होत जातं. २००० नंतरच्या दशकात इथिओपियाच्या तिग्राय भागात लोकांना यकृताचा गंभीर आजार होऊ लागला, माणसं दगावली. शोध घेतल्यावर संशय आला तो धान्यात मिसळणाऱ्या याच तणावर. आणि आम्ही हा काढा तीन दिवस देणार होतो, तापाने आधीच थकलेल्या म्हाताऱ्या बाईला.

आजीचा ताप गोळ्यांनीच उतरला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना. आजीला जे एका चुटकीत कळलं, ते मला कसं कळेल?

एक फूल नव्हे, फुलांची पंचायत

सुरुवात घराण्यापासून करू. सहदेवी आणि ओसाडी दोघी सूर्यफुलाच्या कुळातल्या. या कुळाचं शास्त्रीय नाव ॲस्टरेसी. ॲस्टर म्हणजे ग्रीक भाषेत तारा. शेवंती, झेंडू, माका, कारळा, आपली करडई, सगळे याच कुळातले. जगात यांच्या जाती तीस हजारांच्या आसपास आहेत. सोलापूरकरांना हे कुळ नवीन नाही. ज्वारीच्या शेतात करडईच्या ओळी बघतच आपण मोठे झालो, आणि ते काटे पोटऱ्यांना लागल्याचंही सगळ्यांच्या लक्षात असेल.

या कुळाची गंमत अशी की आपण ज्याला एक फूल म्हणतो, ते एक फूल नसतंच. सूर्यफुलाची ती मोठी तबकडी म्हणजे शेकडो बारीक फुलांचा मेळावा. कडेची पिवळी 'पाकळी' हे एक अख्खं फूल, आणि मधला प्रत्येक ठिपका हेही एक फूल. सगळ्यांना खालून धरून ठेवणारी हिरवी वाटी असते. ती वाटी बारीक हिरव्या पात्यांची बनलेली असते, त्यांना छदं म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं बारकाईने पाहणारा एक फ्रेंच माणूस होता, आंरी कासिनी. नाव ओळखीचं वाटतंय? शनीभोवती फिरायला पाठवलेलं कॅसिनी यान आठवा. ते नाव ज्योव्हान्नी कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाचं. त्याने १६७५ मध्ये शनीच्या कड्यांमधली फट शोधली. आंरी हा त्याचा खापरपणतू. मधल्या पिढ्यांनीही पॅरिसच्या वेधशाळेत तारेच पाहिले. आंरी मात्र कोर्टात न्यायाधीश झाला, आणि उरलेल्या वेळात त्याने जमिनीवरचे तारे पाहिले, म्हणजे या कुळाची फुलं. भिंग घेऊन त्याने एकेका बारीक फुलातला पुंकेसर आणि त्यातून बाहेर येणारा स्त्रीकेसर तपासला, आणि त्यावरून या अवाढव्य कुळाचे गट पाडले. त्यातले बरेच गट आजही तसेच वापरतात. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली, त्यात तो गेला.

कासिनीच्या हिशेबात सहदेवी एका गटात पडते आणि ओसाडी दुसऱ्या. दोघींसारखीच दिसणारी तिसरी एक आहे, सदामंडी, शास्त्रीय नाव एमिलिया सोंचिफोलिया. ती तिसऱ्याच गटात. एमिलिया हे नावही कासिनीनेच दिलेलं. म्हणजे बघा, वरून फोटो काढला तर तिघी बहिणी वाटतात, पण भिंगाखाली तीन वेगळ्या घरच्या निघतात.

१६७५ : एक दाखला, आपल्या लिपीत

आता थोडं मागे जाऊ. वर्ष १६७५. रायगडावर राज्याभिषेक होऊन अजून वर्षही झालेलं नाही. तिकडे पॅरिसमध्ये ज्योव्हान्नी कॅसिनी शनीच्या कड्यांकडे बघतोय. आणि कोचीमध्ये डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड मलबारच्या झाडांचं एक प्रचंड पुस्तक तयार करतोय. त्याचं नाव हॉर्टस मलाबारिकस. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. ७४२ झाडं, सोबत सातशेच्या वर चित्रं.

व्हॅन ऱ्हीड लष्करी माणूस, वैद्य नव्हे. त्याला झाडं सांगितली कुणी? इट्टी अच्युदन नावाच्या मलबारी वैद्याने, आणि रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. या तिघांनी एप्रिल १६७५ मध्ये लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात छापला आहे. भाषा कोकणी, लिपी नागरी. युरोपात छापलेल्या पुस्तकात आपली लिपी इतक्या लवकर क्वचितच दिसते. मी तो फोनवर झूम करून बघितला तेव्हा अंगावर काटा आला. साडेतीनशे वर्षांपूर्वीची अक्षरं आणि मला ती लावता येत होती.

या तिघांना आणि अच्युदनला सहदेवी आणि सदामंडी यांतला फरक पक्का माहीत असणार. केरळात आजही दहा पवित्र फुलांचा एक संच मानतात, दशपुष्पम. त्यात सहदेवी आहे आणि सदामंडीही आहे, दोन वेगळी फुलं म्हणून. सदामंडीचं तिथलं नाव मुयलचेवियन, म्हणजे सशाच्या कानाचं. पान बघितलं की नाव पटतं.

पण नुसत्या नावावर विसंबणं किती अवघड आहे, हेही इथेच कळतं. आपल्याकडच्या आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये सहदेवी हे महाबलेचंही नाव आहे. महाबलेची फुलं पिवळी असतात, ती भेंडी-जास्वंदीच्या कुळातली. म्हणजे ग्रंथ खरा, नाव खरं, तरी रोप तिसरंच. फॉरवर्डमध्ये 'सहदेवी' लिहिलं होतं, ते लिहिणाऱ्याच्या मनात कोणती सहदेवी होती, देव जाणे.

राख आणि इफ-एल्स

१७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसने ठरवलं की प्रत्येक झाडाला दोन शब्दांचं एकच नाव असेल. भारतातल्या झाडांसाठी त्याने हॉर्टस मलाबारिकसचा भरपूर आधार घेतला. आपल्या तिन्ही जांभळ्या बायका त्याच्या त्याच वर्षीच्या ग्रंथात आहेत. सहदेवीला त्याने नाव दिलं कोनायझा सिनेरिया. आणि ओसाडीला? एजरेटम कोनायझॉइडिस, म्हणजे 'कोनायझासारखी दिसणारी'. माझी जी फसगत झाली, तिची सूचना १७५३ पासून तिच्या नावातच लिहिलेली आहे!

पुढे सहदेवीचं पहिलं नाव दोनदा बदललं. १८२९ मध्ये लेसिंगने तिला व्हर्नोनियात नेलं, १९९० मध्ये हॅरोल्ड रॉबिन्सनने सायन्थिलियममध्ये. बहुतेक जुन्या पुस्तकांत तुम्हाला व्हर्नोनिया सिनेरिया सापडेल, नव्या पुस्तकांत सायन्थिलियम सिनेरियम. दुसरा शब्द मात्र टिकला. सिनेरिया म्हणजे लॅटिनमध्ये राखेच्या रंगाची.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप सोडून आजीच्या खोलीत गेलो आणि तिला सांगितलं. तुझ्यासारखंच एका स्वीडिश माणसाने अडीचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, राख भुरभुरल्यागत. ती म्हणाली, "दिसतंय ते लिवलं. त्यात काय एवढं?"

आता कोड लिहिणाऱ्यांसाठी खास. नाव ठरलं, पण समोरच्या रोपापासून त्या नावापर्यंत पोचायचं कसं? १७७८ च्या फ्रेंच वनस्पतींच्या पुस्तकात लामार्कने त्यासाठी एक रीत वापरली. हा तोच लामार्क, जिराफाच्या मानेवरून शाळेत शिकलो तो. एका वेळी एकच प्रश्न, उत्तरं दोनच. पानं समोरासमोर आहेत का? हो, तर इकडे. नाही, तर तिकडे. पुढचा प्रश्न. शेवटी एकच नाव उरतं. वनस्पतिशास्त्रात याला किल्ली म्हणतात. आपण याला इफ-एल्स म्हणतो. कॉम्प्युटर यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी.

ॲप आणि किल्ली यांतला फरक इथे आहे. ॲप म्हणतं, 'हा फोटो त्या फोटोंसारखा दिसतो.' किल्ली म्हणते, 'आधी हे बघ, मग ते बघ.' ॲपला मी वरून काढलेला एकच फोटो दिला होता आणि ज्याने फरक कळतो ते सगळं खाली आणि मागे होतं. त्यामुळे चूक ॲपची कमी, माझी जास्त.

इंजिनिअर साहेब आणि भिवा

आपल्या मुलखाची किल्ली कुणी लिहिली? मुंबई परिसराच्या झाडांची यादी जॉन ग्रॅहमने १८३९ मध्ये केली. १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचं बॉम्बे फ्लोरा आलं. पण ज्या पुस्तकावर महाराष्ट्रातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पिढ्या वाढल्या, ते थिओडोर कुकचं. फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे, १९०१ ते १९०८ मध्ये भागाभागांनी आलेलं.

आणि हा कुक मुळात कोण? सिव्हिल इंजिनिअर! आयर्लंडमधून आला, रेल्वेत लागला, वसईच्या लोखंडी पुलाचं काम केलं. १८६५ मध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, तेच कॉलेज. मला हे कळलं तेव्हा भारी वाटलं. इंजिनिअरने पानं-फुलं हुंगत फिरायला काही हरकत नाही, याला शंभर वर्षांपूर्वीचा पुरावा मिळाला.

कुकचं पुस्तक स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. मी ते रात्री फोनवर वाचायचो. प्रत्येक झाडाखाली ते कुठे सापडलं, कुणाला सापडलं, त्याच्या नोंदी असतात. त्यात एक गोष्ट मला कळेना. गावांच्या नावांपुढे 'कानिटकर!' किंवा 'भिवा!' असं यायचं. उद्गारचिन्हासकट. आमच्या धंद्यात ते चिन्ह 'नाही' या अर्थाने येतं, त्यामुळे मी आधी गोंधळलो.

मग कळलं. वनस्पतिशास्त्रात नावापुढच्या उद्गारचिन्हाचा अर्थ ठरलेला आहे : या माणसाने गोळा केलेला नमुना मी, लेखकाने, स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. ऐकीव नाही, दुसऱ्या पुस्तकातून उचललेलं नाही. पाहिलंय.

कानिटकर आडनाव तरी आहे. भिवाला तेही नाही. झाडं गोळा करणारा माणूस, पुस्तकात पानोपानी फक्त भिवा. उन्हातान्हात, घाटांत आणि माळांवर फिरून ज्याने रोपं मुळासकट आणली, कागदात दाबली, त्याचं एवढंच उरलंय : दोन अक्षरं आणि एक चिन्ह. पण ते चिन्ह फार मोठं आहे. कुक साहेबाच्या नावाच्या पुस्तकाचा भरवसा अशाच माणसांच्या हातांवर उभा आहे. तसाच, जसा व्हॅन ऱ्हीडच्या १२ खंडांचा भरवसा अच्युदन वैद्यावर आणि त्या तीन कोकणी माणसांवर.

आता फॉरवर्ड आठवा. त्या 'सहदेवी' शब्दापुढे उद्गारचिन्हं चार होती. पण पाठवणाऱ्यांच्या अख्ख्या साखळीत ते रोप हातात धरून पाहिलेला एकही माणूस नसावा.

ओळख पटायला उशीर झाला तर

तुम्ही म्हणाल, एका काढ्यापुरता एवढा खटाटोप कशाला? मग याच कुळातल्या दुसऱ्या बाईकडे बघा. गाजर गवत, काँग्रेस गवत, पार्थेनियम. सोलापुरात विजापूर रोडने जा, होटगी रोडने जा, दोन्ही कडांना तेच. अंगाला खाज, दमा, पिकांची नासाडी, सगळं आपल्याला माहीत आहे.

हे तण पुण्यात १९५५ मध्ये लोकांच्या डोळ्यांवर आलं. १९५६ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या आर. एस. राव यांनी त्याची रीतसर ओळख पटवून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंद छापली, भारतासाठी नवी नोंद म्हणून. नाव मिळालं तेव्हा ते पसरायला लागलेलं होतं. पुढे काय झालं ते तुमच्या खिडकीतून दिसतं. १९८४ मध्ये त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा बंगळुरूहून सोडला गेला, तो आपलं काम करतोय, पण गवत अजून आहेच.

त्याची एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, की ते पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हातून आलं. पण तारखा बघा. पीएल-४८० चा करार भारताने ऑगस्ट १९५६ मध्ये केला, आणि पुण्यात ते १९५५ मध्येच दिसलं होतं. अमेरिकन गहू त्याआधी १९५१ च्या कर्जातूनही आला होता, म्हणून गव्हावरचा संशय पूर्ण सुटत नाही. शिवाय कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांच्या रॉक्सबर्गच्या यादीत, १८१४ मध्ये, हे नाव आधीच आहे. म्हणजे गोष्ट आपण समजतो तेवढी सरळ नाही. झाडाचं नाव असो की झाडाचा इतिहास, फॉरवर्ड दोन्हीकडे सारखाच फसवतो.

तर मग ओळखायचं कसं?

यंदा पावसाळ्यात मी दर रविवारी सकाळी सिद्धेश्वर वनविहारात गेलो. तिथे झाडांच्या सावलीत तिघींपैकी दोघी सापडल्या, सहदेवी आणि सदामंडी. तिथलं काही तोडायचं नसतं, फक्त उकिडवं बसून बघायचं. ओसाडी काकांच्या कॅनॉललाच भेटली. तीन महिन्यांत माझी किल्ली अशी तयार झाली.

पहिला प्रश्न, फुलाकडे न बघता : पानं खोडावर कशी आहेत? एकाच ठिकाणाहून दोन पानं समोरासमोर निघाली, खोड केसाळ आहे आणि पान चुरगाळल्यावर उग्र वास आला, तर ओसाडी. तिथेच थांबा. सहदेवी आणि सदामंडी यांची पानं एकाआड एक येतात.

दुसरा प्रश्न : वरची पानं खोडाला मिठी मारतात का? पानाचा तळ दोन्ही बाजूंनी खोडाला कवटाळत असेल आणि खालची पानं मुळ्याच्या पानासारखी कातरलेली असतील, तर सदामंडी. सहदेवीचं पान साधं असतं, तळाशी निमुळतं होत देठात उतरतं, आणि आजी म्हणते तशी त्यावर करडी लव असते.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : फूल उलटं करा आणि मागे बघा. ती हिरवी वाटी आठवते? सदामंडीची छदं एकाच रांगेत, सारख्या उंचीची, एकमेकांना चिकटून उभी. जणू छोटी हिरवी नळी, आणि तिच्या तोंडातून जांभळा गोंडा बाहेर आलेला. सहदेवीची छदं अनेक रांगांत, कौलांसारखी एकावर एक, टोकाला अणकुचीदार, बाहेरची आखूड आणि आतली लांब.

चौथा प्रश्न, फूल वाळल्यावर : म्हातारी उडते का? लहानपणी रुईची म्हातारी फुंकून उडवायचो, तशी. सहदेवी आणि सदामंडी यांच्या बियांना पांढऱ्या केसांचा झुपका असतो. ओसाडीच्या बीवर केस नसतात, पाच बारीक टोकदार खवले असतात. साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं की स्पष्ट दिसतं.

चारही उत्तरं एकाच नावाकडे गेली, तर नाव घ्या. एकही उत्तर फिरलं, तर 'माहीत नाही' म्हणा. आजी म्हणाली होती तसं. 'ही ती नव्हे' एवढंच म्हणणं हीसुद्धा ओळखच आहे, आणि आमच्या घरात त्या दिवशी तेवढीच उपयोगी पडली.

ॲप फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण त्याला पूर्ण रोपाचा, पानांच्या जोडणीचा, फुलाच्या वरचा आणि मागचा, असे चार फोटो द्या. उत्तर आलं की ते पुस्तकात पडताळा, आणि जमलं तर जवळच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. त्यांना आनंदच होतो, अनुभवाने सांगतो. आणि ओळख शंभर टक्के पटली तरी रानातला पाला उकळून पिण्याआधी डॉक्टर किंवा वैद्य यांना विचारा. सदामंडीतही तीच यकृताला घातक द्रव्यं सापडतात, आणि फॉरवर्डमध्ये हे लिहिलेलं नसतं.

गेल्या आठवड्यात आजीला काकांच्या शेतावर नेलं. बांधावर चादर टाकून ती बसली. मी तिन्ही रोपं तिच्या पुढ्यात ठेवली, नावं न सांगता. तिने हात लावला, ओसाडी हुंगून बाजूला टाकली, सदामंडीचं पान खोडावरून मागे ओढून बघितलं आणि नाकारलं, तिसरं मांडीवर घेतलं. "ही सहदेवी." मला भिंग, पुस्तक आणि तीन महिने लागले होते. तिला अर्धा मिनिटही लागलं नाही.

मग मी भिंग तिच्या हातात दिलं आणि फूल उलटं धरायला सांगितलं. ती बराच वेळ त्या कौलांच्या रांगांकडे बघत राहिली. "सत्तर वर्सं बघतीया," ती म्हणाली, "मागून कधी बघितलंच न्हवतं."

घरी येऊन मी ते रोप वर्तमानपत्रात दाबून ठेवलं. कोपऱ्यात नाव, मोहोळ, तारीख आणि ओळखणाऱ्याच्या जागी लिहिलं : आजी!

तुमच्याकडे या तिघींना काय म्हणतात, ते मला पाठवा. सोबत फुलाच्या मागच्या बाजूचा फोटो हवाच. पुढच्या एपिसोडमध्ये करडईच्या काट्यांचा आणि रंगाचा इतिहास. तोपर्यंत, भेटू.